जोडीच्या कामाचा उतारा कोणाच्या नावे?

नवरा-बायको मिळून एखादं काम करताना दिसले की आपल्या सगळ्यांना बरं वाटतं. जोडीनं शाळा चालवणारे, जोडीनं दवाखाना चालवणारे, जोडीनं गाणारे. सभेत त्यांची ओळख करून देताना 'आदर्श जोडपं' हा शब्द आपोआप तोंडी येतो. स्त्री-संघटनांच्या कार्यक्रमांतही येतो. घराघरांतलं भांडण, मारहाण, हुंडा, पोटगी हे सगळं रोज ऐकून कान किटलेले असतात. मग एखादं जोडपं खांद्याला खांदा लावून उभं दिसलं की वाटतं, चला, निदान इथे तरी जमलंय.

हे वाटणं खोटं नाही. पण 'जमलंय' म्हणजे नेमकं काय जमलंय, हे आपण विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटतं, आणि त्यासाठी एका फार लांबच्या जोडप्याची गोष्ट सांगावीशी वाटते. हे जोडपं गिटार वाजवणारं होतं.

इडा प्रेस्ती १९२४ साली फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या सुरेन गावी जन्मली. वडील संगीतशिक्षक. त्यांनीच तिला गिटार शिकवली. दहा वर्षांची होण्याआधीच ती लोकांसमोर वाजवू लागली, आणि तेरा-चौदाव्या वर्षी तिच्या वादनाच्या तबकड्या निघाल्या. स्पॅनिश संगीतकार रोद्रिगो यांची 'कोन्सिएर्तो दे आरान्हुएस' ही गिटार आणि वाद्यवृंदासाठीची रचना आज जगभर वाजते. फ्रान्समध्ये ती पहिल्यांदा वाजवली इडानं, १९४८ साली. लग्नाआधीच तिचं स्वतःचं नाव झालेलं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अलेक्सांद्र लागोया तिच्याहून पाच वर्षांनी लहान. जन्म इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, वडील ग्रीक, आई इटालियन. तोही गिटारच वाजवायचा. पॅरिसला दोघांची भेट झाली, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लग्न झालं, आणि १९५५ पासून त्यांनी जोडीनं वाजवायला सुरुवात केली. त्यानंतर दोघांनीही एकट्यानं वाजवणं जवळजवळ सोडून दिलं. पुढच्या बारा वर्षांत या जोडीनं देशोदेशी मिळून सुमारे दोन हजार कार्यक्रम केले असं सांगतात. दोन गिटारी एकत्र वाजवण्याचा जो प्रकार आज सर्वत्र ऐकू येतो, त्याला विसाव्या शतकात प्रतिष्ठा मिळवून दिली ती मुख्यतः या दोघांनी.

आता या जोडीतल्या काही गोष्टी आपल्या चष्म्यातून बघू.

पहिली गोष्ट नावाची. जोडी 'प्रेस्ती-लागोया' या नावानं ओळखली गेली. बायकोचं नाव आधी, आणि तेही तिचं स्वतःचं. एवढंच नाही. इडाच्या वडिलांचं आडनाव मोंतान्यों. 'प्रेस्ती' तिनं घेतलं ते आईच्या आडनावावरून; आईचं माहेर लो प्रेस्ती, मूळचं सिसिलीकडचं. म्हणजे ना बापाचं नाव, ना नवऱ्याचं. आईकडून आलेल्या नावानं ती वाढली, गाजली आणि त्याच नावानं लग्नानंतरही उभी राहिली. आपल्याकडे कागदपत्रांवर आईचं नाव लागावं म्हणून बायकांनी किती वर्षं अर्ज-विनंत्या केल्या, ते आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव सक्तीचं केलं, पण तेही मुलाचं नाव, आईचं नाव, मग बापाचं नाव आणि शेवटी आडनाव, असं. आडनाव कोणाचं, हा प्रश्न तिथल्या तिथेच राहिला.

दुसरी गोष्ट वाजवण्याची. दोन वाद्यं एकत्र आली की साधारणपणे एक पुढे असतं आणि दुसरं साथीला. एक गाणं सांगतं, दुसरं ठेका धरतं. संसारातही हेच चालतं आणि साथीला कोण असतं ते वेगळं सांगायला नको. या जोडीत तसं नव्हतं. सूर कधी हिच्याकडे, कधी त्याच्याकडे. त्यांच्यासाठी संगीतकारांनी ज्या रचना लिहिल्या त्याही याच समजुतीनं. मूळचे इटलीचे, पण ज्यू असल्यामुळे फॅसिस्टांच्या काळात देश सोडून अमेरिकेत जावं लागलेले कास्तेलनुओवो-तेदेस्को यांनी १९६२ साली या दोघांसाठी चोवीस प्रेल्यूड आणि चोवीस फ्यूग लिहिले. फ्यूग हा प्रकार असा, की एक सुरावट एका वाद्यानं मांडायची, मग दुसऱ्यानं तीच उचलायची, आणि त्या वेळी पहिल्यानं गप्प न बसता तिच्याविरुद्ध दुसरं काहीतरी बोलत राहायचं. यात कोणी कायमचा पुढे राहू शकत नाही. कोणी कायमचं 'होय जी' म्हणत राहू शकत नाही. बरोबरीचं नातं कसं असतं हे शब्दांत सांगताना आपली दमछाक होते. इथे ते कानांनी ऐकता येतं.

म्हणून मला ही जोडी आवडते. आणि म्हणूनच पुढचे प्रश्न टाळता येत नाहीत.

शास्त्रीय पद्धतीनं गिटार वाजवणारे उजव्या हाताची नखं वाढवतात. नख आणि बोटाचं टोक मिळून तार छेडली जाते, त्यावर आवाजाचा सगळा पोत अवलंबून. प्रेस्ती आणि लागोया तर नखाच्या उजव्या कडेनं तार छेडायचे, ती त्यांची खासियत होती. ही नखं रोज कानशीनं घासून नीट आकारात ठेवावी लागतात. एक नख तुटलं तरी वाजवणं बिघडतं. डाव्या हाताची मात्र बारीक कापायची, कारण त्या बोटांनी तारा दाबायच्या असतात.

आता या हाताला आपल्या घरात आणून बघा. भाकरीचं पीठ मळणारा हात. काथ्यानं नाहीतर तारेच्या घासणीनं जळका टोप घासणारा हात. धुण्याच्या दगडावर चादरी आपटणारा, लसूण सोलणारा, पोराचं ढुंगण धुणारा हात. या हातावर नख टिकेल? मुलीला गिटार शिकवायची म्हणजे क्लासची फी भरली की झालं, असं आपल्याला वाटतं. खरं तर त्या मुलीला भांडी घासण्यातून मोकळीक द्यावी लागते. मुलगा गिटार शिकतो तेव्हा ही मोकळीक त्याला जन्मतःच मिळालेली असते, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही. 'बायकांमध्ये मोठ्या वादक का झाल्या नाहीत?' असा प्रश्न अजूनही मोठमोठे जाणकार विचारतात. त्यांनी एकदा बायकांचे हात उलटेपालटे करून बघावेत.

आणि जिथे नवरा-बायको दोघंही वादक आहेत, तिथे? तिथे दोघांचीही नखं जपायला हवीत. मग त्या घरातली भांडी कोण घासतं? आपल्याकडे अशा घरात उत्तर एकच असतं, ते म्हणजे तिसरी बाई. पती-पत्नींची बरोबरी पुष्कळदा या तिसरीच्या हातांवर उभी असते. हे फक्त कलावंतांबद्दल नाही. प्राध्यापक जोडपी, डॉक्टर जोडपी, आणि मैत्रिणींनो, कार्यकर्ती जोडपीसुद्धा यात आली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, तो त्या बायकांनी मोर्चे काढले म्हणून. आपल्या बरोबरीच्या संसाराची गोष्ट सांगताना त्या तिसरीचं नाव आपण घेतो का? तिला पगारी सुट्टी देतो का?

तिसरी गोष्ट जोडी फुटते तेव्हाची. फुटते म्हणजे भांडणानंच असं नाही. २४ एप्रिल १९६७ रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात इडा प्रेस्ती वारली. वय बेचाळीस. रोद्रिगो यांनी या जोडीसाठी दोन गिटारी आणि वाद्यवृंदाची एक मोठी रचना लिहून ठेवली होती, 'कोन्सिएर्तो माद्रिगाल'. ती वाजवायला इडा उरली नाही. १९७० साली दुसऱ्याच एका जोडीनं ती पहिल्यांदा लोकांसमोर आणली. पेपे आणि आंखेल रोमेरो हे ते दोघं भाऊ.

लागोया खचला. काही वर्षं त्यानं मंचावर पाऊल ठेवलं नाही. त्याच्या दुःखाबद्दल मला शंका नाही. पण १९६९ साली पॅरिसच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयात गिटारचा वर्ग सुरू झाला आणि त्याचा प्राध्यापक म्हणून लागोया गेला. पुढे तो पुन्हा मंचावर आला, एकट्यानं वाजवू लागला, शिष्य तयार झाले, आणि १९९९ साली तो गेला तेव्हा त्याच्या मागे अर्धशतकाचं काम उभं होतं. इडाच्या मागे काय उरलं? लहानपणीच्या तबकड्या, स्वतः लिहिलेल्या थोड्या रचना, आणि जोडीनं वाजवलेलं सगळं. आणि जोडीनं वाजवलेल्यात कौतुक कशाचं होतं? दोघं इतके एकजीव की कुठला सूर कोणाचा ते कळत नाही, याचं!

माझा मुद्दा इथे आहे. एकजीव होणं ही कलेतली फार मोठी गोष्ट आहे. पण हिशोबाच्या वेळी एकजीव झालेल्यांपैकी जो मागे राहतो, ज्याच्याकडे संस्था येते, पद येतं, वय येतं, त्याच्या नावावर सगळं जमा होतं. यात लागोयानं कोणाचं काही लुबाडलं असं मी म्हणत नाही. मृत्यूनं घात केला. पण मृत्यूनं केलं ते आपल्याकडे जितेपणी होतं.

तारवाद्यं वाजवणारं एक जोडपं आपल्यालाही जवळचं आहे. अन्नपूर्णादेवी, मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांची मुलगी. १९४१ साली रविशंकरांशी लग्न. ते सतार वाजवायचे, या सूरबहार. सुरुवातीच्या वर्षांत दोघांची जुगलबंदी मंचावर होत असे. मग त्यांनी लोकांसमोर वाजवणं थांबवलं ते कायमचं. का थांबवलं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यात मी शिरत नाही. पुढे त्या मुंबईत राहिल्या, बंद दाराआड शिष्य घडवले. हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकले. २०१८ साली त्या गेल्या, तेव्हा नव्या पिढीला ऐकवायला त्यांचं स्वतःचं ध्वनिमुद्रण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंही धड नव्हतं. जोडीतला एक हात साऱ्या जगानं ऐकला. दुसरा हात फक्त ऐकीव राहिला.

हे मोठ्यांचं झालं. आमच्या भागातलं एक शाहीर जोडपं मला माहीत आहे. तो डफ घेऊन पुढे, ती मागे तुणतुणं आणि झील धरायला. निम्मी कवनं तिची, चाली तिच्या, पण पत्रकावर कायम 'शाहीर अमुक अमुक आणि पार्टी'. तीस वर्षं गावोगाव हिंडले. दारूबंदीच्या सभा, पाणी परिषदा, हुंडाविरोधी मेळावे, सगळीकडे. बिदागीचं पाकीट त्याच्या हातात दिलं जाई. देणाऱ्यांमध्ये आपल्या संघटनाही होत्या. तो गेल्यावर सरकारी मानधनासाठी तिनं स्वतः कलावंत म्हणून अर्ज करायचं ठरवलं, तर पुरावा काय? एकाही पत्रकावर तिचं नाव नाही. शेवटी तिला पैसे मिळाले ते कलावंताची विधवा म्हणून. कलावंत म्हणून नाही. ती मला म्हणाली, "ताई, पैसं मिळालं, पण माझं गाणं कुठं गेलं?"

तिचं गाणं तिथेच गेलं, जिथे शेतात राबणाऱ्या बाईचं राबणं जातं. नवरा-बायको दोघं मिळून रान कसतात, निंदणी-खुरपणी, लावणी, मळणी. सातबारा मात्र एकाच्या नावे. शेतकरी संघटनेनं १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि नवऱ्यांना सांगितलं, की बायकोच्या नावावर जमीन करून द्या, हे दान नाही, हे कर्ज फेडणं आहे. गावोगावच्या पुरुषांनी ते केलंही. जमिनीच्या बाबतीत जे सुचलं ते कलेच्या, विचाराच्या, चळवळीच्या कामात आपल्याला का सुचू नये? तिथलाही उतारा तपासायला नको का?

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्याच मैत्रिणींकडून येतो. "जिथे प्रेम आहे तिथे कसला हिशोब? तुम्ही प्रत्येक गोष्टीत वाटणी शोधता." मला हा आक्षेप हसण्यावारी न्यायचा नाही. जोडीनं काम करण्यात जे सुख आहे ते एकट्याच्या कामात नाही, आणि ज्यांना ते मिळालं त्यांनी ते जपावं. प्रेस्ती-लागोया यांनी एकत्र येऊन जे उभं केलं, ते दोघांपैकी कोणालाही एकट्याला जमलं नसतं. त्यांच्यामुळे संगीतकारांना दोन गिटारींसाठी लिहावंसं वाटलं. पण दोन गिटारी एकत्र वाजतात त्या हिशोबावरच. मात्रा मोजाव्या लागतात. माझी जागा कुठली, तुझी कुठली, मी कधी थांबायचं, तू कधी उचलायचंस, हे ठरलेलं असावं लागतं. हिशोब चुकला तर गाणं कोसळतं. प्रेमात हिशोब नको म्हणणारं घर बहुतेक वेळा असं असतं, जिथे हिशोब आधीच झालेला आहे आणि तो एकाच्या सोयीचा आहे.

सावित्रीबाईंचंच बघा. कितीतरी वर्षं आपण त्यांना जोतीरावांच्या सावलीतच पाहिलं. 'जोतीरावांना साथ देणारी पत्नी' असाच धडा होता. पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं. 'काव्यफुले' १८५४ सालचं आहे. त्यांचं समग्र वाङ्मय १९८८ साली छापून आलं, आणि मग ती बाई साथ देणारी म्हणून नाही, स्वतःचा सूर असलेली म्हणून आपल्यासमोर उभी राहिली. जोतीरावांचं मोठेपण त्यामुळे कमी झालं का? उलट ती जोडी आता खरी जोडी वाटते. दोन स्वतंत्र माणसं दिसल्याशिवाय जोडी दिसतच नाही. नाहीतर दिसतो तो एक माणूस आणि त्याची सावली.

तेव्हा सुरुवात आपल्याच संघटनांपासून करू या. कुठल्याही जोडप्याला कार्यक्रमाला बोलावताना पत्रिकेवर दोघांची पूर्ण नावं छापू या, 'श्री. व सौ.' नको. ओळख करून देताना तिनं काय केलं हे वेगळं सांगू या, 'त्यांच्या सहचारिणी' एवढ्यावर भागवू नये. मानधन दोघांना वेगवेगळं देऊ या, दोन पाकिटं नाहीतर दोन धनादेश. कार्यक्रमात निदान एक गोष्ट प्रत्येकीला आणि प्रत्येकाला एकट्यानं सादर करायला सांगू या. कवन कोणाचं, चाल कोणाची, हे लिहून ठेवू या, ध्वनिमुद्रण करून ठेवू या. मोबाईल आज प्रत्येकीच्या हातात आहे, त्यासाठी वेगळा खर्च नाही. आमच्या त्या शाहीरबाईच्या पदरात यातलं एक पत्रक जरी असतं तरी पुरे होतं.

आणि आपल्यापैकी ज्या स्वतः जोडीनं काम करतात, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. वर्षातून एकदा घरी बसून दोघांनी हा उतारा काढून बघावा. संस्थेचं खातं कोणाच्या सहीनं चालतं? पुस्तकावर नाव कोणाचं? भाषणाला बोलावणं आलं की कोण जातं आणि त्या दिवशी घरी कोण थांबतं? उद्या दोघांपैकी एक नसेल तर दुसऱ्याच्या नावावर काय उरेल? भांडायला म्हणून हे विचारायचं नाही. काम चांगलं चाललेलं असतानाच हे विचारता येतं, नंतर विचारायला कोणी उरत नाही.

'आदर्श जोडपं' हा शब्द मात्र आपण काही काळ बाजूला ठेवू या. आदर्श म्हटलं की प्रश्न संपतात, आणि बायकांच्या बाबतीत प्रश्न संपले की काय होतं हे आपण जाणतो. तुमच्या गावात, तुमच्या गटात जोडीनं काम करणाऱ्या बाईचं नाव पत्रकावर असतं का? नसेल तर पुढच्या पत्रकापासून ते घालायचं ठरवा, आणि काय झालं ते अंकासाठी लिहून पाठवा. विरोध झाला तर तोही लिहा.